एकोणीसशे सतरा आणि आईचं तिकीट

ईडन प्रेरी
१२ जानेवारी २०२५

प्रिय आसावरी,

फोनवर आपलं बोलणं थोड्या वेळात भांडणावर येतं, म्हणून ईमेल लिहितोय. शांतपणे वाच.

मला प्रमोशन मिळालंय. डॅलसच्या ऑफिसची सगळी टीम माझ्याकडे येणार आहे. एप्रिलपासून तिकडे रुजू व्हायचं. इथलं घर फेब्रुवारीत विकायला काढतोय. गिरिजाला तिकडे नवी नोकरी शोधावी लागेल, पण ती तयार आहे. आमची उर्वी कॉलेजच्या डॉर्ममध्ये असते, त्यामुळे तिचा प्रश्न नाही.

राहिला प्रश्न आईचा. डॅलसला सुरुवातीला आम्ही अपार्टमेंटमध्ये राहणार. दोघंही दिवसभर बाहेर. नवीन शहर, ओळखीचं कुणी नाही, आईनं तिथं एकटीनं काय करायचं? पुण्यात बाणेरला ज्येष्ठांसाठी एक चांगलं संकुल आहे. माझ्या मित्राची आई तिथंच असते. आवारात डॉक्टर, मराठी जेवण, रोज संध्याकाळी भजन. मी तिच्यासाठी खोली नक्की केली आहे. मार्चमध्ये मी स्वतः तिला सोडून येईन.

आईला हे चालेल. तपशील अजून सांगितलेले नाहीत, योग्य वेळी सांगेन. तोवर तू तिच्याशी काही बोलू नकोस. बाबा गेल्यापासून ती पटकन मनाला लावून घेते.

यतीनदादा


ॲन आर्बर
१५ जानेवारी

दादा,

'आईला हे चालेल' आणि 'आईला अजून सांगितलेलं नाही' ही दोन वाक्यं तू एकाला लागून एक लिहिली आहेस आणि तुला काहीही खटकलेलं नाही. शांतपणे वाच म्हणालास. वाचलं. शांत राहता आलं नाही.

मी इथं युनिव्हर्सिटीत काय शिकवते, हे तू कधी विचारलं नाहीस. 'तुझं ते डेन्मार्क' एवढंच म्हणतोस. आज सांगते. मी डेन्मार्कच्या इतिहासातल्या एका वर्षावर काम करते, एकोणीसशे सतरा. कॅरिबियन समुद्रात तीन बेटं जवळजवळ दोनशे वर्षं डेन्मार्कच्या ताब्यात होती. तिथं उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून आणली. पुढे गुलामगिरी गेली, साखरेतली कमाई आटली, आणि ती बेटं डेन्मार्कला जड व्हायला लागली. अमेरिकेला तिथलं बंदर हवं होतं. मग सौदा ठरला. हा सौदा करावा की नाही यावर डेन्मार्कमध्ये मतदान झालं. तिथल्या बायकांनीसुद्धा देशपातळीवर पहिल्यांदा मत दिलं. बेटांवरच्या माणसांना मात्र मत नव्हतं. मार्चच्या शेवटच्या दिवशी एक झेंडा उतरला, दुसरा चढला, आणि हजारो माणसं एका देशाच्या हातून दुसऱ्याच्या हातात गेली. बहुतेकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळायला आणखी दहा वर्षं लागली. राष्ट्राध्यक्ष निवडायचा हक्क तिथं राहणाऱ्यांना आजही नाही.

सध्या अमेरिकेला डेन्मार्कचं ग्रीनलँड हवंय, त्या बातम्यांमुळे लोक मला विचारतात, असं खरंच कधी झालंय का, माणसांसकट जमीन द्यायची आणि माणसांना विचारायचंच नाही? मी सांगते, झालंय. आता आमच्याच घरात चाललंय हेही सांगावं लागेल.

आई जड झाली असेल तर तसं स्पष्ट लिही. प्रमोशनच्या आड लपू नकोस. मी तिला इथं घेऊन येते.

आसावरी


ईडन प्रेरी
२७ जानेवारी

आसावरी,

लेक्चर पोचलं. तुझे विद्यार्थी त्यासाठी फी भरतात, मला ते फुकटात मिळालं, आभारी आहे.

आता माझं ऐक. बाबा गेल्यावर आईला इकडे कुणी आणलं? तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज फिजिओथेरपीला कोण नेत होतं? गिरिजा. स्वतःची मीटिंग गाडीत बसून करायची आणि आत आईचा व्यायाम चालू. मागच्या हिवाळ्यात आई ड्राइव्हवेवर घसरली तेव्हा इमर्जन्सी रूममध्ये दिवसभर मी होतो. तू दिवाळीला येतेस, आईच्या हातची चकली खातेस, तिच्या मांडीवर डोकं ठेवून फोटो काढतेस आणि परत जातेस. आम्ही डॉक्टर, इन्शुरन्स, औषधं आणि बर्फ बघतो. आणि जड हा शब्द तू मला ऐकवतेस.

तुझ्या त्या डेन्मार्कवाल्यांनी बेटांसाठी काही केलं नसेल. मी केलंय. त्यांची आणि माझी एका वाक्यात तुलना करायची तुझी हिंमत कशी झाली, हेच मला कळत नाही.

आणि हो, आईला सांगितलं. परवा जेवताना सगळं नीट सांगितलं. पुण्याचे फोटोही दाखवले. तिनं ते बघितले, 'बरं' म्हणाली आणि ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं. रडली नाही, चिडली नाही. तुला वाटतं तसा तिच्यावर काही अन्याय वगैरे झालेला नाही.

घराचे फोटो काढून झाले. घर विकणाऱ्या एजंटनं घरात स्वयंपाकाचा वास नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे सध्या फोडणी बंद आहे. आईचं देवघर खोक्यात भरून गराजमध्ये ठेवलं. घर विकायचं म्हटलं की सगळेच असं करतात, नाहीतर यावरही तू भाषण देशील.

यतीन


ॲन आर्बर
९ फेब्रुवारी

दादा,

गिरिजावहिनीनं जे केलं त्याबद्दल मी तिला वेगळं लिहिलंय. तिचे पाय धरायला हवेत, हे मला मान्य आहे. पण सहा वर्षं सांभाळलं म्हणजे माणूस आपल्या मालकीचं होत नाही. डेन्मार्कमध्येही असं म्हणणारे होतेच, आम्ही त्यांना शाळा दिल्या, दवाखाने दिले.

आईच्या देवांना तू गराजमध्ये ठेवलंस. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, जिनं आयुष्यभर सकाळी उठून आधी देवापुढे दिवा लावला, ती आता टोस्ट खाऊन राहते. का, तर उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला हिंगाचा वास येऊ नये. हे तू मला इतक्या सहज लिहिलंस.

मी सगळी तयारी केली आहे. स्टडी रूम रिकामी करून तिथं आईचा पलंग लावला. खिडकीतून मेपलचं झाड दिसतं. ज्येष्ठांसाठीचा बसपास मिळतो, त्याचीही चौकशी झाली. माझ्याच डॉक्टरकडे तिची अपॉइंटमेंट घेतली आहे. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन मावशी दर गुरुवारी हरिपाठाला येतील. एक मार्चचं तुमच्या मिनिआपोलिसहून आमच्या डेट्रॉइटचं तिकीट काढलं आहे, व्हीलचेअरही सांगून ठेवली. तू फक्त तिला विमानतळावर आणून सोड. एवढं तरी कर.

आईला फोन केला होता. सगळं सांगितलं. 'बघू' म्हणाली. तुझ्या घरात उभी राहून ती मोकळं बोलणार तरी कशी?

त्या बेटांवर मी युनिव्हर्सिटीत दिलेल्या भाषणाची छापील प्रत मी तिला पोस्टानं पाठवली आहे. माझं लिहिलेलं ती नेहमी वाचते. ती प्रत तिच्या हातात पडू दे.

आसावरी


ईडन प्रेरी
२ मार्च

आसावरी,

काल तू शंभर वेळा फोन केलास, मी उचलला नाही. काय झालं ते आता लिहितो.

तुझ्या पत्रानंतर गिरिजा म्हणाली, 'जाऊ दे, आसावरीला एवढी हौस आहे तर नेऊ दे तिला.' मी पुण्याची खोली रद्द केली. आईला सांगितलं, तुला आता आसावरीकडे जायचंय. 'बरं,' म्हणाली. बॅग गिरिजानं भरली. सकाळी आई तयार होऊन गाडीत बसली. 

विमानतळावर तू सांगितलेली व्हीलचेअर आली. माणूस चांगला होता. आईला 'मॅडम, प्लीज' म्हणाला. आईनं त्याला इंग्रजीत विचारलं, "ही कुणासाठी?" तो म्हणाला, "तुमच्यासाठी." ती म्हणाली, "मी मागवलेली नाही." आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसली.

मी म्हटलं, "आई, उशीर होतोय."

"कुणाला?"

"विमान सुटेल."

"सुटू दे," ती म्हणाली. "ज्यानं तिकीट काढलं त्यानं जावं."

मी समजावलं. मग चिडलो. लोक बघत होते. मी म्हटलं, "तुला पुण्याला जायचं नव्हतं, आता ॲन आर्बरला जायचं नाही, मग तुला जायचंय तरी कुठं?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला ती शिकवायची तो शाळेतला वर्ग आठवला. भूगोलाच्या तासाला नकाशाकडे न बघता उत्तर देणाऱ्या मुलाकडे ती असंच बघायची. म्हणाली, "हे विचारायला तुला महिन्याहून जास्त वेळ लागला. आणि आत्ताही तू विचारत नाहीयेस, ओरडतो आहेस."

तिला धरून उठवायला मी हात पुढे केला. गिरिजानं माझा हात मागे ओढला.

विमान गेलं. परत येताना आमच्या रस्त्यावर वळलो तेव्हा आई म्हणाली, "इंगाकडे थांबव." इंगा म्हणजे समोरची म्हातारी, हिवाळ्यात आईबरोबर मॉलमध्ये चालायला जाते ती. आईनं बॅग स्वतः ओढत नेली. इंगानं दार उघडलं, काही न विचारता बॅग आत घेतली आणि दार लावलं.

खिडकीतून समोर तिचा दिवा दिसतो. माझे फोन आई घेत नाही. या सगळ्याला मी एकटा जबाबदार आहे असं आता लिहू नकोस.

यतीन


ॲन आर्बर
६ मार्च

प्रिय आई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून इंगाच्या पत्त्यावर लिहिते आहे.

मी डेट्रॉइटच्या विमानतळावर उभी होते. सगळे प्रवासी बाहेर आले. शेवटी वैमानिकही आला, तरी मी थांबले होते. दादाशी मी तुझ्यासाठी भांडले. पुण्याला जायचं तुझं टळलं ते त्यामुळेच. खोली लावली, सगळी व्यवस्था केली. आणि तू माझ्याकडे न येता एका परक्या बाईच्या घरी जाऊन बसलीस. दादाच्या घराच्या बरोबर समोर. लोक काय म्हणतील हे मी म्हणणार नाही, पण मला काय वाटलं असेल याचा विचार तू केलास का?

दादावरचा राग मी समजू शकते. माझ्यावर का?

तुझी
आसावरी


ईडन प्रेरी
१९ मार्च

चि. यतीन आणि चि. आसावरी,

एकच पत्र दोनदा लिहून काढते आहे. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं सांगण्याची मला सवय नाही. यतीनची प्रत त्याच्या पत्रपेटीत टाकेन, रस्ता ओलांडला की झालं.

तुम्ही एकमेकांना काय लिहीत होतात ते मला गिरिजानं सांगितलं. तिला बोलू नका. मला काही सांगायला हवं असं त्या घरात फक्त तिलाच वाटलं.

आसावरी, तू विचारलंस, माझ्यावर राग का. तुझं भाषण मी दोनदा वाचलं. इंगालाही इंग्रजीतून वाचून दाखवलं. तिचं घराणं डेन्मार्कचं, हे तुला माहीत नसेल. तिची आजी जटलंडच्या एका खेड्यातली. ती थंडीत चालत जाऊन आयुष्यातलं पहिलं मत देऊन आली, ही गोष्ट त्यांच्या घरात कौतुकानं सांगायचे. मत कशाबद्दल होतं ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. तुझा कागद ऐकून इंगा कॉफी करायला उठली. मग म्हणाली, "आजीनं होकार दिला असेल. ती देवभोळी होती. आपण त्या लोकांचं भलंच करतोय असं तिला वाटलं असेल." आम्ही दोघींनी कॉफी घेतली. 

तुझ्या भाषणात एक जागा मला सापडली. बारीक अक्षरातली तळटीप. बेटांवरच्या लोकांनी आपलं आपण मतदान घेतलं होतं. सरकारी नव्हतं, कुणी मोजणार नव्हतं, तरी घेतलं. आणि एका बेटावर हजारो लोकांनी अमेरिकेच्या बाजूनं मत दिलं. विरोधात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना जायचंच होतं, आसावरी. डेन्मार्कला ते विटले होते. त्यांना विचारलं नाही म्हणून तू पानंच्या पानं रागावली आहेस, पण त्यांचं म्हणणं काय होतं ते तू तळाशी टाकलंस. कारण ते तुझ्या रागात बसत नव्हतं.

माझं तू तेच केलंस. माझ्यासाठी भांडलीस, मला न विचारता. मेपलचं झाड, बसपास, हरिपाठ. मला हरिपाठ आवडतो हे कुणी सांगितलं तुला? तो तुझे बाबा म्हणायचे. मी ऐकायची.

यतीन, तू मला सहा वर्षं सांभाळलंस. गिरिजानं तर मुलीसारखं केलं. ते मी विसरलेले नाही, आणि कधी विसरेन अशी भीती तुला वाटत असेल तर ती काढून टाक. पण माझे देव तू मला न सांगता गराजमध्ये ठेवलेस. मी सकाळी उठून आले तर कोपरा रिकामा. मी तेव्हा 'बरं' म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. तुझ्या ते लक्षात आलं नाही.

'बरं' म्हणजे होकार नसतो. तुम्हा दोघांना मी लहानाचं मोठं केलं, तुमचं प्रत्येक 'हं' मला कळायचं, आणि माझा एक शब्द तुम्हाला कळू नये याचा मला राग आला. फार राग आला. या वयात एवढा येतो हे मला माहीत नव्हतं. विमानतळावर मी बाकावर बसले ती हट्टानं नाही. उभी राहिले असते तर थोबाडीत दिली असती, यतीन, तुला, सगळ्यांसमोर.

आता मला काय हवं ते विचाराल. मी अजून ठरवलेलं नाही. नागपूरला माझी बहीण आहे, तिच्याशी बोलले. ती ये म्हणते. इथं लायब्ररीत मी आणि इंगा मंगळवारी सोमाली बायकांना इंग्रजी वाचायला शिकवतो, तेही मला सोडवत नाही. हे तुम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ठरवायला वेळ लागतो. तुम्हाला लागला नाही, कारण आयुष्य तुमचं नव्हतं.

तोवर मी इंगाकडे राहणार आहे. तिनं राहशील का असं विचारलं, मी हो म्हटलं. एवढं सोपं होतं ते.

रविवारी माझे देव आणून दे, यतीन. आणि हिंगाची डबी.

आई


ईडन प्रेरी
३० मार्च

आसावरी,

घर गेलं. परवा आम्ही निघतोय. आज आईकडे जाऊन आलो.

देव मागच्याच रविवारी नेऊन दिले होते. तेव्हा तिनं दारातूनच घेतले, आत बोलावलं नाही. मीही वळून निघून आलो. मनात म्हटलं, बस मग. त्या पत्रानं मी अजून पेटलेलोच होतो. थोबाडीत दिली असती म्हणे. पन्नाशीचा माणूस मी. आज गिरिजानं ढकलून पाठवलं, न भेटता गेलास तर जन्मभर कुरकुरशील म्हणाली.

आत गेलो तर घरभर फोडणीचा वास. इंगा टेबलाशी बसून वरणभात चमच्यानं खात होती. आईनं मला बसवलं, वाढलं. मी खाली मान घालून जेवत होतो.  मग तिनं विचारलं, "यतीन, डॅलसला तुला जायचं होतं का?"

मी म्हटलं, "प्रमोशन आहे आई."

"ते मी ऐकलं. तुला जायचं होतं का, असं विचारते आहे."

आसावरी, प्रमोशन नाहीये. तुला खोटं लिहिलं, आईला खोटं सांगितलं. इथलं ऑफिस ते बंद करतायत. डिसेंबरमध्ये एक कॉल झाला, पंधरा मिनिटांचा. डॅलसला या, नाहीतर घरी बसा. वीस वर्षं मी जिथं काढली तिथल्या एकानंही विचारलं नाही की तुला जमेल का, तुझी आई आहे, तुझ्या बायकोची नोकरी आहे. मी कॉलवर काय म्हणालो माहीत आहे? 'साउंड्स गुड' म्हणालो. मग घरी आलो आणि सगळ्यांना भराभरा हलवायला लागलो, कारण थांबलो असतो तर मला विचार करावा लागला असता.

हे सगळं मी तिला सांगितलं. इंगासमोर, मराठीत, तोंडात घास असताना. आई उठून जवळ आली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. अजून रागावलेलीच आहे ती. फक्त म्हणाली, "मग त्यांच्यावर ओरडायचं होतंस." आणि माझ्या पानात आणखी भात वाढला.

मी पोटभर जेवलो. महिन्याभरात पहिल्यांदा.

तू इथं ये. काही घेऊन येऊ नकोस, तिकीट नको, बेत नको. आधी तिला फोन कर आणि येऊ का असं विचार. ती नाही म्हणाली तर येऊ नकोस.

दादा